रंगाखालचा गंज

विशेष प्रतिनिधी

गावाबाहेरच्या पडक्या गोठ्यात वर्षानुवर्षे उभी असलेली, चाकांतली हवा गेलेली, दारांचा पत्रा गंजाने खाल्लेला अशी एक मोटार. दोन उत्साही गृहस्थ येतात, तिच्याभोवती फेरी मारतात, मालकाशी थोडी घासाघीस करतात आणि ती उचलून नेतात. मग जाहिराती. जाहिरातींनंतर इंजिन बाहेर निघते, ठिणग्या उडतात, मुदतीवरून कुणाचे तरी कुणाशी तरी वाजते. पुन्हा जाहिराती. आणि शेवटच्या पाच मिनिटांत वरचे कापड ओढले जाते, आरशासारखी लखलखणारी मोटार समोर येते, मालकाच्या डोळ्यांत पाणी तरळते. पाऊण तासात एका मोटारीचा पुनर्जन्म! गेली दोन दशके इंग्लंड-अमेरिकेतील वाहिन्यांनी हा प्रयोग शेकडो वेळा रंगवला आणि डिस्कव्हरीसारख्या वाहिन्यांमार्फत तो आपल्याकडच्या दिवाणखान्यांतही पोहोचला.

या लखलखाटाविषयीची शंका मात्र आता जाणत्या कारागिरांच्या कुजबुजीपुरती राहिलेली नाही. अशा कार्यक्रमांत भाग घेतलेले मालक बोलू लागले आहेत. खुद्द पडद्यावर पाना-पकड घेऊन दिसणाऱ्या एका नामवंताने याच मुद्द्यावरून कार्यक्रम सोडला, त्यालाही बरीच वर्षे लोटली. पडद्यावर ‘नवी’ झालेली जुनी मोटार खरोखर किती नवी असते, आणि तिच्या नवेपणात जुने किती शिल्लक राहते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचा संबंध कामाच्या दर्जाशी आणि सुरक्षिततेशी आहे, तर दुसऱ्याचा इतिहासाशी. पडद्याचे व्याकरण या दोन्ही प्रश्नांच्या आड येते.

ते कसे, हे समजण्यासाठी एका गाजलेल्या कार्यक्रमाचे उदाहरण पुरेसे आहे. अमेरिकेत टीएलसी वाहिनीवर २००४ साली ‘ओव्हरहॉलिन’ सुरू झाला. त्याचा सूत्रधार चिप फूज हा मोटारींच्या रेखांकनातील मोठा कलावंत. त्याच्या हाताच्या गुणाविषयी कुणी शंका घेत नाही. कार्यक्रमाची कल्पना मोठी खट्याळ होती. घरच्यांशी किंवा मित्रांशी संगनमत करून मालकाची जुनी मोटार लांबवायची, ती चोरीला गेली किंवा उचलून नेली असे त्याला भासवायचे, त्याला आठवडाभर झुलवत ठेवायचे आणि आठवड्याच्या शेवटी नखशिखान्त बदललेली मोटार त्याच्यापुढे उभी करायची. मोटार ओळखू न येणे हाच तिथला परमोच्च क्षण.

आता या आठवड्याचा हिशेब मांडून पाहू. जुन्या मोटारीच्या संपूर्ण जीर्णोद्धाराला हजार ते दोन हजार मनुष्यतास लागतात, असा या व्यवसायातील सर्वसाधारण अंदाज आहे. एकाच कारागिराने रोज आठ तास काम केले, तर नुसत्या हजार तासांनाच सव्वाशे दिवस हवेत. उलट वीस माणसे कामाला लावली आणि प्रत्येकाने रोज आठ तास हात चालवला, तर सात दिवसांत अकराशे वीस तास भरतात. म्हणजे कागदावर गणित जमते! पण या तासांतले काही तास माणसांचे नसतातच, ते सामानाचे असतात. रंग किती जणांनी मिळून मारला यावर त्याचे वाळणे अवलंबून नसते.

पत्र्यावरचा खळगा ठोकून काढल्यावर उरलेली उंचसखल जागा पुट्टीने भरतात. आपल्याकडचे गॅरेजवाले तिला ‘लांबी’ म्हणतात. ती थोड्या मिनिटांत कडक होते, तासाभरात घासता येते. परंतु तिच्यावरचा प्रायमर, त्यावरचा रंग आणि शेवटचे चकाकी देणारे आवरण या प्रत्येक थरातले द्रावक उडून जायला अवधी लागतो. भट्टीत तापवून रंगाला हात लावण्याजोगे केले, तरी तो आतपर्यंत पुरता मुरायला आठवडे लागतात. घाईत एकावर एक थर चढवले, तर वरचा थर खालच्याला कोंडून ठेवतो आणि मग खालचा थर सावकाश आकसत राहतो. चित्रीकरणाच्या दिवशी आरसा वाटणाऱ्या बॉनेटवर काही महिन्यांनी उन्हात घासकागदाच्या रेघा वर येतात, पुट्टीच्या कडा उमटतात. पुट्टीखालचा गंज मुळापासून काढलेला नसेल, तर दोन पावसाळ्यांत रंगाला फोड येतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, हे आपल्याकडे लग्नाविषयी म्हटले जाते, पण डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यालाही ते तंतोतंत लागू पडते.

रंग निदान दिसतो तरी. न दिसणाऱ्या भागाचे काय? दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बहुतेक कंपन्यांनी वेगळी चेसिस आणि तिच्यावर बसवलेली बॉडी ही जुनी रचना सोडली. पत्र्याचा संपूर्ण सांगाडा हाच मोटारीचा भार पेलू लागला. १९६१ची जग्वार ई-टाइप (पुढचे इंजिनाचे तोंड वगळता), १९६२ची एमजीबी, एवढेच काय, आपल्या ओळखीची फियाट अकराशे आणि अॅम्बॅसॅडर याही याच रचनेच्या. अशा मोटारीत दाराच्या चौकटीखालून जाणारी पत्र्याची पोकळ पेटी, जिला इंग्रजीत ‘सिल’ म्हणतात, ही शोभेची पट्टी नसते. घराच्या तुळईसारखे तिचे काम असते. ती आतून गंजते, कारण पाणी आणि चिखल तिच्यातच साठतो. ती बदलायची तर आधी दाराच्या पोकळीत आडवे-उभे आधार जोडून सांगाडा जागच्या जागी धरून ठेवावा लागतो. तसे न करता ती कापली तर सांगाडा मधोमध दबतो आणि नंतर कितीही आपटले तरी दार नीट लागत नाही. कुजलेला पत्रा पुरता कापून टाकून कडेला कड मिळवून वेल्डिंग करायचे, की जुन्याच पत्र्यावर नवे ठिगळ ठेवून वर लांबी फासायची, हा खरा प्रश्न. दोन्हींवर रंग चढला की दिसायला दोन्ही सारखेच! कॅमेऱ्याला तर मुळीच फरक कळत नाही.

कॅमेऱ्याला पृष्ठभाग दिसतो आणि जीर्णोद्धाराचे मोल पृष्ठभागाच्या आत असते. या व्यवहारात कुणाची लबाडी असलीच पाहिजे, असे नाही. ज्या कामात दृश्य नाही, ते काम संकलनाच्या टेबलावर कापले जाते. मग ते चित्रित कशाला करायचे, असा विचार होतो. आणि पुढे कधीतरी, ते मुळात करायचे तरी कशाला, हा प्रश्न हळूच डोके वर काढतो.

नेमके हेच वळण ‘व्हीलर डीलर्स’ या ब्रिटिश कार्यक्रमाच्या वाट्याला आले. २००३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात माइक ब्रूअर मोटार विकत घ्यायचा आणि एड चायना ती दुरुस्त करायचा. उंचापुरा, नारिंगी हातमोजे घातलेला, शांत आवाजात बोलणारा हा एड चायना जगभरच्या हौशी मंडळींचा शिक्षक झाला. कार्ब्युरेटर कसा उघडावा, ब्रेकची नळी कशी वळवावी, कुठला नट आधी सैल करावा, हे तो ज्या तपशिलाने दाखवी, त्याने एरवी कंटाळवाणे वाटणारे काम रंजक होई. मार्च २०१७ मध्ये, तेरा पर्वांनंतर, त्याने कार्यक्रम सोडत असल्याचे यूट्यूबवर जाहीर केले. त्याचे म्हणणे स्पष्ट होते. अमेरिकेतील व्हेलॉसिटी वाहिनीने निर्मितीची सूत्रे स्वतःकडे घेतल्यावर, कार्यशाळेतील तपशीलवार चित्रण फार कष्टाचे आणि वेळखाऊ आहे, तेव्हा ते कमी करावे, असा आग्रह सुरू झाला. कामाचा तो गाभाच पातळ करायचा असेल तर आपल्याला त्यात राहायचे नाही. तो गेला. त्याच्या जागी अँट अॅन्स्टेड आला, पुढे फॉर्म्युला वनमधला माजी मेकॅनिक मार्क प्रीस्टली आला. कार्यक्रम चालू राहिला. चायनाच्या चाहत्यांनी मात्र बिचाऱ्या ब्रूअरला शिव्याशाप देण्यापर्यंत मजल मारली, जे सर्वस्वी अनुचित होते.

या प्रकरणाकडे दोन माणसांच्या बेबनावाची गोष्ट म्हणून पाहिले गेले, पण ती खरे तर निर्मितीखर्चाची गोष्ट होती. वेल्डिंगचे एक तासाचे काम समजेल अशा रीतीने टिपायला अनेक तास मोडतात. कॅमेरा हलवा, दिवा हलवा, तीच कृती पुन्हा करा. त्याउलट खरेदीच्या वेळची घासाघीस अर्ध्या तासात चित्रित होते आणि तिच्यात नाट्यही असते. निर्मात्याने पैशाचा विचार केला तर तो कुठे कात्री लावील, हे सांगायला ज्योतिषी नको.

चायना असतानाचा ‘व्हीलर डीलर्स’ही एका बाबतीत निर्दोष नव्हता आणि हा दोष आज अशा बहुतेक कार्यक्रमांत मुरलेला आहे. प्रत्येक भागाच्या शेवटी हिशेब मांडला जाई. मोटार इतक्याला घेतली, सुट्या भागांवर इतके खर्च झाले, विकली इतक्याला, नफा इतका. या हिशेबात चायनाच्या मजुरीचा रकानाच नसे! समजा, हजार पौंडांचा नफा दाखवला आणि कामाला साठ तास लागले. ब्रिटनमधल्या गॅरेजचा दर तासाला पन्नास पौंड धरला तरी मजुरीच तीन हजार पौंड होते. म्हणजे नफा राहिला दूर, दोन हजारांचा खड्डा. कार्यक्रमाला हे परवडत होते, कारण त्याचे उत्पन्न मोटार विकून नव्हे तर जाहिराती आणि प्रक्षेपण हक्क विकून येत होते. पण प्रेक्षकाच्या मनात जे गणित बसले ते बसले. जुनी मोटार घ्या, थोडे पैसे घाला, फायद्यात विका!

याचा परिणाम कुणाला भोगावा लागतो, हे पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही डेंटरला विचारावे. पडद्यावर पाहिलेल्या मुदतीची आणि खर्चाची अपेक्षा घेऊन गिऱ्हाईक दारात येते. पी हळद नि हो गोरी, असा सगळा मामला. जो कारागीर प्रामाणिकपणे आठ महिने लागतील म्हणून सांगतो, तो महाग ठरतो. जो दोन महिन्यांत करून देतो म्हणतो, त्याला काम मिळते. दोन महिन्यांत काय होते, ते वर आलेच आहे. बाजारात खोट्या किमतीची आणि खोट्या मुदतीची सवय रुजली की पहिला बळी चांगल्या कामाचा जातो. हा तोटा कुठल्याही वाहिनीच्या ताळेबंदात दिसत नाही.

जीर्णोद्धाराच्या नव्हे तर नुसत्या सजावटीच्या कार्यक्रमांची कथा याहून विनोदी आहे. एमटीव्हीवरच्या ‘पिंप माय राइड’ने २००४ ते २००७ या काळात तरुणांच्या खटारा मोटारींत दूरचित्रवाणी संच, खेळण्याची यंत्रे आणि आणखी काय काय बसवले. २०१५ साली ‘हफिंग्टन पोस्ट’ने त्यातल्या काही मालकांना गाठले, तेव्हा निघालेली माहिती अशी होती की काही जणांच्या मोटारी कित्येक महिने अडकून पडल्या होत्या, काही उपकरणे केवळ चित्रीकरणापुरती बसवून नंतर काढून घेण्यात आली होती आणि बाहेरची सजावट झाली तरी आतली यांत्रिक दुखणी कायम होती. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! त्या कार्यक्रमाने आपण इतिहास जपतो असा आव कधी आणला नाही, हे मात्र त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आज जे कार्यक्रम ‘रेस्टोरेशन’ हा भारदस्त शब्द वापरतात, त्यांच्याकडून अपेक्षा अधिक असणारच.

पडद्याची मोहिनी बाजारात कुठवर नेऊ शकते, याचे एक टोकाचे उदाहरण टेक्सासमध्ये घडले. २००० साली आलेल्या ‘गॉन इन सिक्स्टी सेकंड्स’ या चित्रपटातल्या ‘एलेनॉर’ नावाच्या फोर्ड मस्टँगने लोकांना वेड लावले. जुन्या मस्टँग घेऊन तशा मोटारी बनवून देणारी युनिक परफॉर्मन्स नावाची कंपनी तिथे जोरात चालली. नोव्हेंबर २००७ मध्ये पोलिसांनी तिच्यावर छापा घातला आणि मोटारींच्या ओळख क्रमांकांमध्ये गडबडी असल्याच्या संशयावरून डझनावारी गाड्या जप्त केल्या. कंपनीचे दिवाळे वाजले. आगाऊ रकमा भरून बसलेले ग्राहक हात चोळत राहिले. हा दूरचित्रवाणीचा दोष नव्हे हे खरे. पण पडद्यावरची प्रतिमा विकत घ्यायला निघालेले गिऱ्हाईक ओळख क्रमांकाची पट्टी तपासत बसत नाही, हे त्यातून दिसले.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे, कारण सगळ्यांना एकाच माळेचे मणी समजणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतला ‘ग्रेव्हयार्ड कार्झ’ हा कार्यक्रम क्रायस्लर कंपनीच्या १९७०च्या आसपासच्या मोटारींना वाहिलेला आहे. कारखान्यात जुळणी करताना कामगारांनी खडूने केलेल्या खुणासुद्धा कुठे होत्या, याचा तिथे काथ्याकूट चालतो. बाहेरच्याला हे खूळ वाटेल. पण खुळेपणाच या क्षेत्रात कधीकधी प्रामाणिकपणाची खूण असते. ब्रिटनमधल्या ‘कार एसओएस’मध्ये आजारपण किंवा कौटुंबिक आपत्तीमुळे अर्धवट राहिलेली मोटार मालकाला न कळू देता पुरी करून देतात. तिथे अश्रू असतात, पण गंजलेला पत्राही कापून दाखवला जातो. शिवाय या कार्यक्रमांनी एक काम निश्चित केले. ज्या पिढीने कार्ब्युरेटर पाहिलेला नाही तिला त्याविषयी कुतूहल वाटू लागले. एड चायनासुद्धा कार्यक्रम सोडल्यावर गप्प बसला नाही. यूट्यूबवर त्याने स्वतःच्या कार्यशाळेतल्या कामाच्या चित्रफिती सुरू केल्या. तिथे पाऊण तासाची सक्ती नाही, त्यामुळे त्याच त्या नटाशी चाललेली झटापट पाहायला मिळते.

आणि तरीही, ज्यांना हे काम खरोखर शिकायचे आहे ते कुठल्या गतीने शिकतात ते पाहिले की पडद्यावरचा आठवडा हास्यास्पद वाटू लागतो. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात मॅकफर्सन कॉलेज नावाची एक छोटी संस्था मोटारींच्या जीर्णोद्धाराची चार वर्षांची पदवी देते. तिथल्या विद्यार्थ्यांनी १९५३ सालच्या मर्सिडीज-बेंझ ३०० एस या उघड्या टपाच्या मोटारीवर काम केले आणि २०२३ साली कॅलिफोर्नियातील पेबल बीचच्या प्रतिष्ठित स्पर्धेत ती उतरवली. आपल्या गटात तिला दुसरा क्रमांक मिळाला. या एका मोटारीवर विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांनी अनेक वर्षे काम केले. ज्यांनी काम सुरू केले त्यातल्या अनेकांच्या हातात, मोटार पूर्ण व्हायच्या आत पदवी पडलेली असणार. त्याचा कार्यक्रम करायचा तर सूत्रधारच म्हातारा व्हायचा!

आता दुसऱ्या, अधिक अवघड प्रश्नाकडे वळू. समजा, काम उत्तम झाले, सिल नवी बसली, रंग नीट मुरला. तरीही काही हरवते का?

आपल्याकडे जीर्णोद्धार हा शब्द मंदिरांसाठी वापरतात आणि त्याची गत काय होते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी पाहावे. काळ्या दगडाच्या, शेकडो वर्षे जुन्या देवळाला हौसेने ऑइल पेंट फासतात, सभामंडपात चकचकीत फरशी घालतात, कोरीव खांबावर सिमेंट लिंपतात. गावकऱ्यांच्या श्रद्धेविषयी शंका नसते. पण त्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणा, जुन्या दुरुस्त्यांचे पुरावे, एखादा झिजलेला शिलालेख कायमचे झाकले जातात. पडद्यावरचा बराचसा जीर्णोद्धार याच जातीचा आहे. कारखान्यातून निघाली तेव्हा मोटारीवर जेवढी चकाकी नव्हती तेवढी चढवली जाते. मूळ कापड काढून चामडे येते. मूळ इंजिनाच्या जागी ताकदवान आधुनिक इंजिन बसते. आणि याला ‘पूर्वीपेक्षा उत्तम’ म्हणतात. उत्तम असेलही. पूर्वीचे ते नव्हे.

ऐतिहासिक मोटारींच्या जागतिक महासंघाने, म्हणजे १९६६ साली स्थापन झालेल्या फिवा या संस्थेने, गेल्या दशकात ‘ट्यूरिन सनद’ स्वीकारली. वास्तुवारशाच्या क्षेत्रात जे विचार आधीच रुजले होते तेच तिने मोटारींना लावले. जतन, संवर्धन आणि जीर्णोद्धार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. जेवढा हस्तक्षेप टाळता येईल तेवढा टाळावा. जो करावा लागेल त्याची नोंद ठेवावी. नवे घातलेले काय ते ओळखू यावे. पडद्यावरचा शेवटचा कापड ओढण्याचा क्षण या सनदेच्या बरोबर उलट दिशेने जातो. तिथे बदल जितका मोठा, तितक्या टाळ्या अधिक.

आणि बाजाराने तरी या बाबतीत वेगळे काय सांगितले? फ्रान्सच्या पश्चिम भागात एका कुटुंबाच्या शेतावरच्या मोडक्या छपरांखाली दशकानुदशके पडून असलेल्या मोटारींचा ‘बायों संग्रह’ फेब्रुवारी २०१५ मध्ये पॅरिस येथे आर्टक्युरियलने लिलावात काढला. त्यातली एकेकाळी अभिनेता आलाँ दलाँ याच्याकडे असलेली फेरारी २५० जीटी कॅलिफोर्निया स्पायडर धुळीने माखलेल्या अवस्थेतच मंचावर आली आणि सुमारे १ कोटी ६३ लाख युरोंना गेली. कुणीही तिच्यावर फडका फिरवण्याची घाई केली नाही. अर्थात प्रत्येक गंजकी मोटार ही फेरारी नसते, आणि धुळीची किंमत धुळीखाली काय आहे यावर ठरते. परंतु हात न लावलेली वस्तू एकदाच अस्तित्वात असते, ही जाण मोठ्या पैशाला आलेली आहे. पडद्याला ती अजून यायची आहे.

सुरक्षिततेची बाजूही कमी महत्त्वाची नाही. ब्रिटनमध्ये २० मे २०१८पासून चाळीस वर्षांहून जुन्या आणि लक्षणीय बदल न केलेल्या मोटारींना वार्षिक तपासणीतून सूट मिळाली. मोटार रस्त्यावर आणण्यालायक ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मालकावर आहेच. पण दरवर्षी तिसऱ्याच माणसाने मोटार वर उचलून खालून टॉर्च मारणे बंद झाले. अशा वेळी ठिगळावर लांबी फासलेली सिल कुणाच्या नजरेला पडणार?

आपल्याकडे हा विषय आता घरापर्यंत आला आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ स्वरूपात राखलेले आणि ज्यात भरीव फेरबदल झालेला नाही असे दुचाकी वा चारचाकी वाहन त्यासाठी पात्र ठरते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात केलेला बदल हा भरीव फेरबदल समजला जातो. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, ती दहा वर्षांपुरती, नूतनीकरणाला पाच हजार. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. वाहनाची पाहणी राज्याने नेमलेल्या समितीने करायची आहे. त्याआधी, जानेवारी २०१९ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार वाहनात करता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला होता.

म्हणजे अमेरिकी कार्यक्रमात ज्याला टाळ्या पडतात, ते जुन्या सांगाड्यात नवे इंजिन बसवणे, येथे नोंदणीच धोक्यात आणू शकते. आणि पन्नास वर्षांची ही मुदत कुणाला लागू होते? संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस आणि कोल्हापूरच्या दसऱ्याला दिमाखात येणारी छत्रपतींची मेबॅक यांचा प्रश्न नाही. ती वाहने नामवंत आहेत, त्यांच्यावर अनेकांचे डोळे असतात. प्रश्न मध्यमवर्गाच्या फियाटचा आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट अकराशे डिलाइट बनत होती. सत्तरच्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. त्या सुरुवातीच्या पद्मिनी आता पन्नाशी ओलांडत आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची नोंदणीकृत काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली तेव्हा शहर हळवे झाले आणि त्या हळवेपणातून कित्येक घरांत ताडपत्रीखाली झाकलेल्या वडिलांच्या, आजोबांच्या फियाटची आठवण निघाली. आता त्या बाहेर काढल्या जात आहेत. त्यांचे मालक पडद्यावर आणि मोबाइलवर पाहिलेले कार्यक्रम डोळ्यांपुढे ठेवून गॅरेजमध्ये जात आहेत. लाल रंग द्या, चाके रुंद बसवा, आतून काळे चामडे करा, आणि जमलेच तर इंजिन आजच्या गाडीचे घाला, अशी फर्माइश असते.

त्या फियाटच्या स्टिअरिंगला चिकटलेला गिअरचा दांडा, आडव्या बाकासारखी पुढची बैठक, बारीक नक्षीचे फिके रेक्झिन, दाराच्या आत लागलेली मूळ हिरवट वा दुधी रंगाची कडा हीच तर तिची ओळख. एकदा ती काढून भंगारवाल्याला दिली की चोरबाजारात पुन्हा मिळेलच, असे नाही. रेक्झिन तर मिळतच नाही.

अशा वेळी विकत घेणाऱ्याने काय पाहावे? गुळगुळीत रंगावर बोट फिरवून काही कळत नाही. कापडात गुंडाळलेला साधा लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेला आणि चाकांच्या कमानीला लावावा. जिथे तो धरत नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी आहे, असे समजावे. रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण मिळाले तर फारच उत्तम. कारखान्यातला रंग साधारण शंभर ते दीडशे मायक्रॉनचा असतो. दुसऱ्यांदा रंगवलेल्या गाडीत तो वाढणारच, पण आकडा हजाराच्या पुढे गेला तर खाली रंगाखेरीज आणखी काही आहे, हे उघड होते. दार उघडून किंचित वर उचलून पाहावे, ते खाली लोंबकळते का, चौकटीशी फट सर्वत्र सारखी आहे का. इंजिनावरचा आणि चेसिसवरचा क्रमांक आरसी बुकाशी ताडून पाहावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कामाची छायाचित्रे मागावीत, मोटार रंगवण्याआधीची, उघड्या पत्र्याची. चांगला कारागीर ती आनंदाने दाखवतो.

इथेच दूरचित्रवाणीचा विरोधाभास उभा राहतो. एका मोटारीच्या कामाचे शेकडो तासांचे चित्रीकरण ज्यांच्याकडे आहे, असे जगात कार्यक्रमांचे निर्मातेच आहेत. एवढी तपशीलवार नोंद कुठल्या राजघराण्याच्या मोटारीचीही कधी झाली नसेल. ट्यूरिन सनदेला जी नोंद अपेक्षित आहे, ती इथे आयती तयार होते. मोटारीच्या किल्लीबरोबर ते न संकलित केलेले चित्रीकरण नव्या मालकाच्या हवाली केले, तर दर्जाविषयीच्या निम्म्या शंका तिथल्या तिथे मिटतील, किंवा सिद्ध तरी होतील. तशी पद्धत अद्याप कुठल्या वाहिनीने पाडलेली नाही. तोवर ताडपत्रीखालची फियाट बाहेर काढणाऱ्याने पहिल्याच दिवशी स्वतःच्या मोबाइलवर, खाली वाकून, दाराखालच्या त्या पोकळ पेटीचा एक फोटो काढून ठेवावा.